गांवकुसाबाहेरील शेजारी

ज्या गोष्टीविषयीं सर्वांस सर्व कांहीं ठाऊक आहे अशी समजूत असते, तिच्याकडे पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. कोल्ह्याचें असेंच झालें आहे. आपल्या भाषेंत त्याचें जितकें येणेंजाणें आहे, तितकें दुसऱ्या रानटी जनावराचें क्वचितच असेल. लबाड मनुष्यास आपण कोल्हा म्हणतों, निरर्थक ओरडीस कोल्हेकुई म्हणतों. अल्पसंतुष्टाची गोष्ट निघाली कीं कोल्हा काकडीला राजी होतो, आणि न मिळालेल्या वस्तूस नांवें ठेवणारा कोणी भेटला कीं कोल्ह्याला द्राक्षें आंबट लागतात. उन्हांत पाऊस पडला तर मुलें कोल्ह्याचें लग्न लावून मोकळीं होतात. पंचतंत्रांतील करटक आणि दमनक हे दोन कोल्हे तर देशाची वेस ओलांडून पहलवी व अरबी भाषांच्या मार्गानें साऱ्या जगाच्या दरबारांत जाऊन बसले. अरबी ग्रंथास ‘कलीला व दिम्ना’ हें नांव त्यांच्यावरूनच पडलें. इतका हा परिचयाचा प्राणी! परंतु ज्या घरांत हीं वाक्यें नित्य उच्चारलीं जातात, त्या घरांतील चार माणसांस विचारावें कीं, कोल्हा काय खातो, तो एकटा राहतो कीं जोडीनें, त्याचें पाऊल कुत्र्याच्या पावलापासून कसें ओळखावें. म्हणजे चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

यांत आणखी एक मौज आहे. द्राक्षांच्या गोष्टींतील मूळ जनावर कोल्हा नव्हेच. ग्रीक इसापाच्या कथेंत तें खोकडाच्या जातीचें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इसापाच्या कथा मराठींत आल्या, आणि चतुराईचा मान आपल्याकडे पूर्वापार कोल्ह्याकडे असल्यामुळें ती भूमिकाही त्याच्याच पदरांत पडली. वास्तविक खोकड व कोल्हा हीं दोन निराळीं जनावरें आहेत. खोकड लहान, सडपातळ, काळ्या टोंकाच्या झुबकेदार शेपटीचें व उघड्या माळावर राहणारें. कोल्हा त्याहून बराच मोठा, आठदहा किलो वजनाचा, लांडगा व कुत्रा यांच्या कुळांतला. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५८ सालीं त्यास ‘कॅनिस ऑरियस’, म्हणजे सोनेरी श्वान, असें नांव दिलें. आमच्याकडील कोल्ह्याचा रंग मातकट-पिंगट असतो. पण हिवाळ्यांतल्या सकाळीं कोंवळ्या उन्हांत तो बांधावर उभा राहिलेला दिसला, तर नांव ठेवणाऱ्याची रसिकता पटते.

हे विचार आमच्या मनांत येण्याचें कारण आमचें वसतिस्थान. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्यानें वीसएक किलोमीटर गेलें कीं ओझर लागतें. परक्या माणसास हें गांव विमानांच्या कारखान्यामुळें ठाऊक असतें; मिग विमानें बांधण्यासाठीं तो १९६४ सालीं येथें निघाला. पंचक्रोशींतल्या माणसास तें चंपाषष्ठीच्या खंडोबाच्या यात्रेमुळें ठाऊक असतें, आणि व्यापाऱ्यास द्राक्षांमुळें. परंतु या तिहींच्या सांदीकोपऱ्यांत एक चौथें ओझर आहे. बाणगंगेचा कांठ, तिला मिळणारे बारीकसारीक ओहोळ, दोन मळ्यांमधील बोरीबाभळींनीं भरलेले बांध, कालव्यालगतची पडीक पट्टी, दगड काढून सोडून दिलेल्या खाणी आणि राहिलेलें थोडेंसें गायरान, हें तें चौथें ओझर. सातबाऱ्यावर त्यास ‘पोटखराबा’ म्हणतात. लागवडीस निरुपयोगी असा त्या शब्दाचा अर्थ. कोल्ह्याची सारी मिळकत या पोटखराब्यांत आहे.

गेलीं तीन वर्षें आम्ही आमच्या एका स्नेह्यांसह या मिळकतीची पाहणी करीत आहों. हे स्नेही शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत, व सारा गांव त्यांस मास्तर म्हणूनच ओळखतो. कारखान्याच्या व विमानतळाच्या कुंपणाआड पुष्कळ मोकळी जमीन आहे. तेथें जाण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, व आमचीं टिपणें कुंपणाबाहेरचींच आहेत. आमच्याजवळ साधनें म्हणाल तर एक वही, एक मोजपट्टी, एक चाळणी, दोन विजेऱ्या आणि अलीकडे एका स्नेह्यांनीं दिलेला, समोरून कांहीं गेलें कीं आपोआप चित्र घेणारा एक कॅमेरा. रानटी जनावराचा अभ्यास म्हटला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें दुर्बीण घेऊन मचाणावर बसलेला मनुष्य उभा राहतो. प्रत्यक्षांत या अभ्यासाचा बहुतेक भाग खालीं मान घालून करावयाचा असतो. जनावर रात्रीं येऊन गेलेलें असतें. सकाळीं उरतें तें त्याचें पाऊल, त्याची विष्ठा आणि आदल्या सांजेस ऐकलेला त्याचा आवाज. या तीन साक्षीदारांच्या जबानीवरून सगळा खटला चालवावा लागतो.

पहिला साक्षीदार पाऊल. कोल्ह्याचें व गांवठी कुत्र्याचें पाऊल वरवर पाहतां सारखेंच. चार बोटें, नखांच्या खुणा आणि मागें एक मोठी गादी. परंतु चांगला ठसा मिळाला तर भेद ओळखतां येतो. कोल्ह्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूस एकमेकींस जोडलेल्या असतात. कुत्र्याच्या त्या सुट्या असतात. ओल्या गाळांत किंवा पाण्याची पाळी दिल्यानंतर वाफसा आलेल्या रानांत हा जोड स्पष्ट उमटतो. शिवाय कोल्हा बहुधा सरळ रेषेंत, काम असल्यासारखा चालतो. कुत्रा दहा ठिकाणीं थबकत, वेडावांकडा जातो. ही गोष्ट एकदां डोळ्यांत बसली म्हणजे रोजची पायवाट निराळीच दिसूं लागते. ज्या वाटेनें आपण दूध आणावयास जातों तीच वाट रात्रीं दुसऱ्या कोणाच्या उपयोगास येते, हें तिच्यावरच लिहिलेलें असतें.

दुसऱ्या साक्षीदाराविषयीं लिहितांना सभ्य वाचक नाक मुरडतील, तरी त्यास इलाज नाहीं. कोल्हा आपली विष्ठा आडोशास टाकीत नाहीं. वाटेच्या मध्यावर, उंचवट्याच्या दगडावर, गवताच्या ठोंबावर तो ती मुद्दाम ठेवतो; आपल्या वतनाची ती सीमेची खूण असते. ती हातमोजे घालून उचलावी, कागदांत बांधून तारीख व ठिकाण घालावें, वाळवावी, मग चाळणींत घालून पाण्यानें धुवावी. चाळणींत जें उरतें तें कोल्ह्याचें भोजन. उंदरांचे दांत, बारीक हाडें, भुंग्यांचीं चकचकीत पंखकवचें, बोरांच्या व शिंदीच्या बिया, उकिरड्यावरील कोंबडीचीं पिसें, आणि मधूनमधून दोरीचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा. ज्या कोल्ह्यास आम्ही सर्व जन्मभर मांसभक्षक समजत आलों, तो माघ-फाल्गुनांत मुख्यत्वेंकरून बोरांवर राहतो कीं काय असें वाटावें इतक्या बिया कधीं कधीं निघतात. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें कोल्हा खरोखर पाहिला असला पाहिजे.

मग द्राक्षांचें काय? येथें एक गोम आहे. आमच्या भागांत खाण्यासाठीं पिकणारीं द्राक्षें बहुतेक बिनबियांचीं असतात. बोर खाल्लें तर बी उरते. बिनबियांचें द्राक्ष खाल्लें तर चाळणींत जवळजवळ कांहींच उरत नाहीं. तेव्हां केवळ चाळणीवर विश्वास ठेवला, तर निफाड तालुक्यांतला कोल्हा द्राक्षांस शिवत नाहीं असा निकाल द्यावा लागेल. परंतु छाटलेले व गळलेले मणी जेथें पडतात त्या मांडवाखालीं सकाळीं जोडगादीचीं पावलें दिसतात, आणि कॅमेऱ्यानें तर एका रात्रीं तीन वेळां तोंड खालीं घातलेली एकच जोडी टिपली. द्राक्षें त्यास आंबट लागत नाहींत. ह्या लहानशा अनुभवावरून आम्हीं एक नियम मनाशीं बांधला: जें मागें खूण ठेवतें त्याचीच नोंद होते, म्हणून एका साक्षीदारावर कधीं विसंबूं नये. हा नियम कोल्ह्यांच्या पलीकडेही लागू पडतो.

तिसरा साक्षीदार आवाज. दिवेलागणीच्या सुमारास, आणि पुन्हां पहाटे, प्रथम एक कोल्हा लांब सूर काढतो. लगेच त्याची जोडीदारीण त्यांत मिसळते. मग वाढलेलीं पिलें कलकलाट करूं लागतात, आणि दोन जनावरांचा आवाज दहांचा वाटूं लागतो. इतक्यांत दूरच्या ओहोळांतून दुसऱ्या कुटुंबाचें उत्तर येतें. कोल्हे नरमादीची जोडी करून राहतात व आपापली हद्द राखतात; ही ओरड म्हणजे त्या हद्दीची घोषणा. युरोपांत ध्वनिमुद्रित कोल्हेकुई वाजवून मिळणाऱ्या उत्तरांवरून कुटुंबें मोजण्याची पद्धत आहे. आम्हांस तसें करण्याचें कारण पडलें नाहीं, कारण महामार्गावरून भोंगा वाजवीत रुग्णवाहिका गेली कीं ओझरचे कोल्हे आपण होऊनच तिला उत्तर देतात. अशा वेळीं मास्तरांनीं एका ठिकाणीं व आम्हीं दुसऱ्या ठिकाणीं बसून, घड्याळें जुळवून, आवाजाची दिशा टिपावयाची. घरीं आल्यावर नकाशावर दोन्ही दिशांच्या रेषा काढावयाच्या. जेथें त्या छेदतील तेथें खूण करावयाची. पहिलें वर्ष संपतां संपतां नकाशावर खुणांचा एक पट्टा उमटला. तो दोन द्राक्षमळ्यांमधून बाणगंगेकडे उतरणाऱ्या एका झाडीच्या ओहोळावर बरोबर बसत होता. पुढें त्याच ओहोळाच्या कडेस आम्हांस बीळ सांपडलें, व वैशाखांतल्या एका संध्याकाळीं त्याच्या तोंडाशीं खेळणारीं तीन पिलें दुरून दिसलीं.

जुन्या माणसांस आणखी एक आवाज ठाऊक आहे. नेहमींच्या कोल्हेकुईहून वेगळी, एकट्यानें तुटक तुटक काढलेली अशी ती ओरड असते. तीस ते ‘भालू’ म्हणतात, आणि ती ऐकूं आली कीं जवळपास वाघरूं आहे असें समजतात. निफाड तालुक्याच्या उंसांत बिबट्या वस्तीस आल्यापासून या शब्दास पुन्हां अर्थ आला आहे. उंसास पाणी देण्यासाठीं रात्रीं जाणारा शेतकरी भालू ऐकून माघारा फिरतो. ज्या जनावराच्या ओरडीस आपण निरर्थक ठरविलें, तिचा कोणास तरी जीव वांचविण्याइतका अर्थ लागतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

असला उद्योग करणारे आम्ही पहिले नव्हे हें सांगितलेंच पाहिजे. कोल्ह्याचा अमेरिकेंतील भाऊबंद म्हणजे कोयोट. तेथील मूळच्या लोकांच्या कथांतून तो आपल्या दमनकासारखाच कारस्थानी व कधीं कधीं फजीत पावणारा असतो. तेथील सरकारनें या प्राण्यांच्या संहारासाठीं १९३१ सालीं स्वतंत्र कायदाच केला. अशा काळांत अ‍ॅडॉल्फ म्युरी या संशोधकानें यलोस्टोन उद्यानांत दोन वर्षें हिंडून कोयोटच्या पांच हजारांहून अधिक विष्ठा तपासल्या आणि १९४० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उद्यानांतील हरणांच्या कळपांस कोयोटमुळें म्हणण्यासारखी हानि पोंचत नाहीं, असें त्यांत त्यानें पुराव्यानें दाखविलें. पुढें इ. स. २००० पासून स्टॅन्ली गेर्ट व त्यांचे सहकारी खुद्द शिकागो शहरांतील व उपनगरांतील कोयोटांच्या गळ्यांत संदेश देणारे पट्टे बांधून त्यांच्या मागावर राहिले, आणि लाखों माणसांच्या वस्तींत हा प्राणी बहुधा कोणाच्या दृष्टीसही न पडतां संसार करतो असें आढळून आलें. शंभर वर्षें मारूनही कोयोट संपला नाहीं. उलट तो पूर्वी नव्हता अशा प्रांतांतही जाऊन पोंचला.

आपल्या कोल्ह्यानेंही पश्चिमेकडे तसाच पराक्रम चालविला आहे. बाल्कन प्रदेशांतून निघून तो २०१५ सालीं डेन्मार्कपर्यंत गेला. सर्बियांतील संशोधकांनीं २०१६ सालीं हिशेब मांडला कीं, त्या देशांतील कोल्हे वर्षाकांठीं ३,७०० टनांहून अधिक मृत जनावरांचा व कत्तलीचा टाकाऊ भाग फस्त करतात; शिवाय पिकें खाणारे उंदीर मारतात तें वेगळेंच. आमच्याकडे तसा हिशेब कोणीं मांडलेला नसला, तरी चाळणींत सांपडलेले उंदरांचे दांत पाहून आमच्या एका शेजाऱ्यांनीं काढलेले उद्गार मार्मिक होते: “म्हणजे हा आपल्या गव्हाचा बिनपगारी राखणदारच म्हणायचा.”

महाराष्ट्रांतलें एक उदाहरण आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचें आहे. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोकाचें अभयारण्य आहे. तेथें अबी तमीम वनक या संशोधकांनीं खोकडांचा अनेक हंगाम अभ्यास केला. मॅथ्यू गॉम्पर यांच्यासह २००९ व २०१० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या लेखांचा इत्यर्थ असा कीं, खोकड व गांवचीं मोकाट कुत्रीं यांचें अन्न फारसें एक नाहीं, कारण कुत्रीं मुख्यतः माणसाच्या उष्ट्यावर जगतात. तरीही जेथें कुत्र्यांचा वावर असतो ती जागा खोकड टाळतें. म्हणजे कुत्रा त्याचा घांस हिरावीत नाहीं, त्याची जागा हिरावतो. भीतीनें सोडलेली जागा नकाशावर मोकळीच दिसते. शिवाय पिसाळी व इतर रोग कुत्र्यांकडून रानांतल्या जनावरांत जातात. पिसाळलेला कोल्हा माणसास चावल्याचीं उदाहरणें घडतात. अशा वेळीं जखम साबणानें धुवून तत्काळ रुग्णालयांत लस घेणें हाच उपाय आहे.

कुत्र्यांचा हा विषय आमच्या ओझरांत पुस्तकी राहिला नाहीं. गेल्या वर्षीं हिवाळ्यांत मळ्यांत राहणाऱ्या एका शेतकऱ्याचीं दोन करडें एका रात्रींत मारलीं गेलीं. सकाळीं त्यांच्या वस्तीवर पांचसहा माणसें जमलीं होतीं, आणि कोल्ह्यानें मारलीं याविषयीं कोणास शंका नव्हती. ओहोळ जवळ, त्यांत कोल्हे, दुसरें कोण येणार? मेलेल्या करडाच्या मांसास विष लावून तें ओहोळांत टाकावयाचें, इथपर्यंत बोलणें आलें होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा गुन्हा आहे हें तेथें कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण हातांतोंडाशीं आलेलीं करडें गमावलेल्या माणसापुढें कायदा वाचून काय होणार? मास्तरांनीं कायद्याचें नांव काढलें नाहीं. ते म्हणाले, “दादा, मातींत पावलें आहेत. आपण दोघे पाहूं या.”

गोठ्याभोंवतीं आदल्या दिवशीं पाणी सांडून माती मऊ झालेली होती. तींत पावलें होतीं तीं निदान तीन जनावरांचीं. मोठीं, बोथट नखांचीं, आणि प्रत्येक ठशांत मधल्या दोन गाद्या स्वच्छ सुट्या. ओहोळाकडे जाणारें एकही पाऊल नव्हतें. सारीं पावलें रस्त्याच्या बाजूनें, जेथें कोंबड्यांच्या दुकानांचा कचरा पडतो तेथून आलेलीं व तिकडेच गेलेलीं. करडें मागच्या बाजूनें फाडलेलीं होतीं, पण खाल्लेलीं जवळजवळ नव्हतीं. मास्तरांनीं वहींतलें कोल्ह्याच्या पावलाचें चित्र काढून शेजारीं ठेवलें. शेतकरी बराच वेळ दोन्हींकडे पाहत राहिला. मग तो म्हणाला, “कुत्रं असू दे नाही तर कोल्हं, करडं तर माझी गेली ना, मास्तर?”

यास उत्तर नव्हतें. बिबट्यानें किंवा लांडग्यानें जनावर मारलें तर सरकार भरपाई देतें. गांवच्या कुत्र्यांनीं मारलें तर कोणीच कांहीं देत नाहीं. त्यामुळें मारणारें जनावर रानटी निघावें असें नुकसान झालेल्यास वाटलें तर त्यांत नवल काय? इतक्यांत आंतून त्याची म्हातारी आई बाहेर आली आणि आमच्याकडे न पाहतां मुलासच म्हणाली, “कोल्हं काय आज आलंय का रे? मी लग्न होऊन आले तवापासून हाय ते. तवा करडं नेत नव्हतं, आन् आताच कसं नेया लागलं?” विषाचें बोलणें तेथेंच थांबलें. त्या रात्रीं तें घातलें गेलें नाहीं, एवढेंच आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. पुढच्या आठवड्यांत गोठ्यास उंच जाळी लागली. तिच्या खर्चांत मास्तरांनीं गुपचूप भर घातली, हें आम्हांस मागाहून कळलें.

विषापासून तो ओहोळ वांचला. पण आमच्या वहींतला पुढचा भाग इतका समाधानकारक नाहीं. या वर्षीं उन्हाळ्यांत त्या ओहोळाच्या वरच्या अंगाची झाडी निघाली. जेसीबी आला, दोन दिवसांत बोरीबाभळी उपटल्या गेल्या, कांठ सारखा झाला आणि दोन मळे एकमेकांस मिळाले. बीळ ज्या कडेस होतें ती कड आतां नाहीं. यांत कोणास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. जमीन ज्याची त्याची. द्राक्षास भाव, उंसास भाव, आणि महामार्गाजवळच्या जमिनीस तर त्याहून मोठा भाव. ज्या पट्टीस कागदोपत्रीं खराबा म्हटलें आहे ती चांगली करणें हें उद्योगी शेतकऱ्याचें कर्तव्यच समजलें जातें. परंतु पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हां घड्याळें जुळवून बसलों, तेव्हां त्या दिशेच्या पानावर पूर्वीसारख्या रेषा जमेनात. उत्तर येतें तें दूरच्या, नदीकांठच्या कुटुंबाचें.

आणि खरी गोष्ट अशी आहे कीं, ही वही नसती तर हें कोणाच्याही लक्षांत आलें नसतें. दुर्मिळ प्राण्यावर सर्वांचा डोळा असतो. वाघ एक कमी झाला तर वर्तमानपत्रांत येतें. सामान्य प्राणी मात्र चोरपावलानें नाहींसा होतो, कारण तो आहेच असें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. गिधाडांचें उदाहरण फार जुनें नाहीं. भारतांत तीं इतकीं होतीं कीं त्यांची मोजणी करणें वेडेपणाचें वाटावें. तरीही भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत विभु प्रकाश यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तीं मोजून ठेवलीं होतीं. म्हणूनच १९९९ सालीं तीं झपाट्यानें घटत असल्याचें ते आंकड्यांनीं दाखवूं शकले. पुढें २००४ सालीं डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधांत त्याचें कारण सांपडलें, आणि २००६ सालीं भारतानें गुरांसाठीं तें औषध बंद केलें. तोंवर पांढऱ्या पाठीचीं गिधाडें ९९ टक्क्यांहून अधिक नाहींशीं होत आलीं होतीं. मोजणी आधीं झाली नसती तर कारणाचा शोध आणखी किती लांबला असता याची कल्पनाच करावी.

मोजण्याची ही संवय ओझरास नवी नाहीं. वाघाड धरणाच्या कालव्याचें पाणी शेवटच्या शेतास पोंचत नाहीं, म्हणून १९९० च्या सुमारास येथील शेतकऱ्यांनीं बापूसाहेब उपाध्ये व समाज परिवर्तन केंद्र यांच्या प्रेरणेनें पाणीवापर संस्था काढल्या. पाणी अंदाजानें घेण्याऐवजीं मापून घ्यावयाचें व मापानें पैसे भरावयाचे असें त्यांनीं ठरविलें, आणि तें करूनही दाखविलें. ज्या पाण्यावरून पूर्वी तंटे होत, तें मापाखालीं आल्यावर त्याविषयीं शांतपणें बोलतां येऊं लागलें. कोल्ह्याविषयींही आमचें म्हणणें याहून निराळें नाहीं. कोल्ह्यावर प्रेम करा असें आम्ही कोणास सांगत नाहीं. ज्याच्या वाडीतलीं कलिंगडें त्यानें फोडलीं आहेत त्यास तें सांगण्याचा आम्हांस अधिकारही नाहीं. तो किती आहे, कोठें आहे, काय खातो आणि कोणत्या गुन्ह्यांत तो खरोखर गुंतलेला नाहीं, एवढें लिहिलेलें असावें. मग बांध राखावयाचा कीं नाहीं, ओहोळाच्या कांठीं चार हात झाडी सोडावयाची कीं नाहीं, कचरा उघड्यावर टाकून कुत्र्यांचे कळप पोसावयाचे कीं नाहीं, हें गांवानें समजून उमजून ठरवावें.

या कामास विद्वत्ता लागत नाहीं. ज्या घरांत मुलें आहेत व संध्याकाळीं अंगणांत पांच मिनिटें उभें राहतां येतें, त्या घरांत तें होण्यासारखें आहे. कोल्हे ओरडले कीं तारीख, वेळ आणि दिशा लिहावी. न ओरडले तरी तसें लिहावें, कारण न ऐकूं येणें हीही एक नोंद आहे, आणि वर्षअखेरीस तीच अधिक बोलकी ठरण्याचा संभव आहे. मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं चौघांनीं आपापल्या मळ्यांतून अशा वह्या सुरू केल्या आहेत; त्यांतली एक वही नऊ वर्षांच्या एका मुलीच्या अक्षरांत आहे, व तिच्या वेळा आमच्याहून अधिक काटेकोर असतात. कोल्ह्याच्या म्हणी भाषेंत पुढेंही राहतील. त्यांस रान लागत नाहीं. परंतु एखाद्या मुलानें त्यांतली एक म्हण ऐकून “कोल्हा म्हणजे काय?” असें विचारलें, तर चित्राचें पुस्तक शोधावें न लागतां त्यास सांजवेळीं ओसरीवर आणून “थांब, आतां ऐकूं येईल” असें सांगतां यावें, एवढीच आमची इच्छा आहे.